आधी कोण आहे ते बघू

"थांब, आधी कोण आहे ते बघू."

बागेत काही वळवळलं, उडलं किंवा कुणी किंचाळलं, की शेजारच्या काकू हे म्हणत आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावत. दारावरची बेल वाजल्यावर आपण बोलतो ना, अगदी त्याच सुरात.

काकू मूळच्या नागपूरच्या. भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलांत उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. आम्ही पुण्याहून इंग्लंडात रीडिंगला आलो तेव्हा कुंपणापलीकडून पहिली हाक त्यांनीच मारली. मी घरून काम करायचो. दुपारी चहाचा मग घेऊन मागे गेलो, की त्या लॅव्हेंडरपाशी गुडघे टेकून बसलेल्या दिसायच्या.

तुम्ही इथे राहत असाल, तर सप्टेंबरातले ते मोठे कोळी तुम्हाला ठाऊक असतील. टीव्ही बघत बसावं आणि कार्पेटवरून एखादा सुसाट पळत जावा. पहिला दिसला तेव्हा मी आणि बायको सोफ्यावर चढलो आणि तिथूनच काकूंना फोन केला. त्या स्लिपर्स घालूनच आल्या. कोळ्यावर ग्लास उपडा ठेवला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि भिंगातून बघून सांगितलं, की हा नर आहे, मादी शोधत हिंडतोय, तुमच्यात त्याला काडीचा रस नाही. त्याला शेडमध्ये सोडून आल्या आणि मला म्हणाल्या, "आता उतरलास तरी चालेल."

एका सप्टेंबरात आमच्या लॉनवर अचानक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे थवे घोंघावू लागले. जमिनीत जागोजागी भोकं पडली होती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. आम्ही मागचं दार बंद करून टाकलं आणि मी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं.

तो पांढरा सूट चढवत होता, तेवढ्यात काकू फाटकातून आत आल्या. त्याला शांतपणे थांबायला सांगितलं आणि सरळ त्या घोंघावण्याच्या मधोमध जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने उठून आल्या. या गांधीलमाश्या नव्हेत, आयव्हीच्या वेलीच्या फुलांवर जगणाऱ्या मधमाश्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकीचं बीळ वेगळं. घिरट्या घालतायत ते बहुतेक नर, आणि नरांना नांगीच नसते. काही आठवड्यांत सगळं शांत होईल.

"त्याही बाहेरूनच आल्यात इकडे," त्या मला म्हणाल्या. "आत्ता कुठे बस्तान बसतंय."

पेस्ट कंट्रोलवाला भला माणूस. त्याने भिंगातून नीट बघितलं आणि सूट उतरवला.

माझ्या मुलीने दाराच्या फटीतून विचारलं, "काकू, हा माशी चावतो?" तिचं मराठी असंच.

काकूंनी मूठ उघडून आतला नर तिला दाखवला. "हा नाही चावत. पण दुसरे चावतात. म्हणून आधी नीट बघायचं."

नंतर स्वयंपाकघरात चहा घेताना मी म्हटलं, की पोर लहान आहे म्हणून घाबरलो. काकू म्हणाल्या, घाबरलास ते बरोबरच होतं. मग कप खाली ठेवून त्यांनी जे सांगितलं, ते आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यांचे यजमान कुंपणापलीकडच्या त्या बागेतच वारले होते. एका शनिवारी दुपारी कुंपणाची हेज कापताना त्यांना काहीतरी चावलं. काकू हॉस्पिटलात ड्यूटीवर होत्या. अशा चाव्याची जीवघेणी रिॲक्शन आलेले कितीतरी पेशंट त्यांच्या हातून वाचले होते. घरचा माणूस मात्र घरी एकटा होता.

"काय चावलं ते कुणालाच कळलं नाही," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवस बागेतलं जे दिसेल ते मारावंसं वाटायचं. मग वाटलं, निदान कोण होतं ते तरी कळू दे. म्हणून बघायला लागले."

"मग कळलं?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही गं. पण बघता बघता राग कुठे गेला, तेही कळलं नाही."

पुढे त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. लेक त्यांना वॉटफर्डला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथेच त्या हिवाळ्यात त्या गेल्या. आम्ही अंत्यविधीला जाऊन आलो, पण मला आठवते ती त्या इथून निघाल्या ती सकाळ.

सामान भरून झालं होतं. लेक गाडीचा बाजूचा आरसा पुसायला गेली आणि काकूंनी तिचा हात धरला. आरशाच्या मागे एक बारकासा कोळी राहत होता, त्याचं जाळं दारापर्यंत ताणलेलं. तो वॉटफर्डपर्यंत टिकेल का, असं मी विचारलं. वारा लागला की तो आरशाच्या काचेमागे जाऊन बसेल, असं काकूंनी सांगितलं आणि लेकीला मोटरवेवर जरा बेताने चालवायची ताकीद दिली.

गाडी सुटली. आम्ही फुटपाथवर उभे राहून हात हलवत होतो. इतक्या वर्षांचं घर मागे पडत होतं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून त्या बाहेर थरथरणारं ते जाळं बघत होत्या.