पालथी वीट

पुरातत्त्व खात्याच्या खोदकामावरच्या बाईंना खुर्ची चावते, असं मुकादम म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. चहासुद्धा त्या उभ्यानंच प्यायच्या. पण त्या दिवशी तर कहरच झाला. खड्ड्यात उतरायचं, वर यायचं, पुन्हा उतरायचं; आणि कुणी विचारलं की खेकसायचं, "काही नाही रे बाबा, तुझं काम कर!"

कारण होती एक वीट. पुरलेल्या जुन्या स्नानगृहाच्या भिंतीतून ती बाईंनीच काढली होती. तिच्यावर तिथल्या राजघराण्यातल्या पहिल्या राजाच्या नावाचा ठसा होता. त्या ठशावरून इमारत सगळ्यांत जुनी ठरली आणि तिच्या अंगावरून जाणारा रस्ता थांबला. आता दुसऱ्या दिवशी समिती येऊन रस्ता कायमचा वळवणार होती. समितीला दाखवायची म्हणून बाईंनी वीट पेटीतून काढली, सहज भिंग लावलं, आणि त्या वीट घेऊन उजेडाकडे धावल्या. ठशाच्या एका अक्षरात पांढरा चुना अडकलेला होता. अहो, पण भिंत तर नुसत्या मातीत बांधलेली!

म्हणजे वीट आधी दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत होती. तिथून उपटून इथे लावलेली. आजोबांच्या कोटाची पिशवी शिवली म्हणून पिशवी काही आजोबांच्या वयाची होत नाही. आणि चुना आधी कसा दिसला नाही? कसा दिसणार! फोटो छान यावा म्हणून बाईंनीच वीट बादलीतल्या पाण्यात ब्रशनं घासून लख्ख केली होती. पुरावा बादलीत गेला. आता स्वतःलाच शिव्या घालून काय उपयोग?

मजूर जेवायला गेल्यावर त्या भिंतीच्या पायाशी बसल्या आणि अगदी तळाच्या थरातली एक सैल वीट हलवून बाहेर काढली. ठसा खालच्या बाजूला होता. राजाच्या पणतूचा! बाईंनी वीट होती तशी पालथी घातली, वर माती थापली आणि हात झटकून तरातरा निघून गेल्या.

घरी हातातलं पातेलं तीनदा या ओट्यावरून त्या ओट्यावर झालं.

"अगं, टेक की जरा," नवरा म्हणाला. "घर आहे हे, खड्डा नाही."

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं.

"मग राहू दे पालथी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!" बाई ओरडल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. त्या भिंतीवर त्यांचा फार जीव होता.

दुसऱ्या दिवशी समिती आली. साहेब कौतुकानं म्हणाले, "बाई, दाखवा तुमची ती वीट." बाई खड्ड्यात उतरल्या, तळाची वीट काढली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. "साहेब, माझं चुकलं. इमारत पणतूच्या काळातली आहे. जुन्या विटा वापरून बांधलेली."

असल्या इमारती त्या भागात पुष्कळ होत्या. साहेबांनी तोंड आंबट केलं. रस्त्याचा इंजिनिअर मात्र खूश झाला. महिन्याभरात इथून रस्ता न्यायचा, असं तिथल्या तिथे ठरलं.

गाड्या गेल्यावर मुकादम फणकारला. "पालथीच राहिली असती तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं हो? इतकी वर्षं आम्ही माती उपसली ती यासाठी?"

बाईंनी डोळे पुसले आणि पिशवीतून मोजायची टेप काढली.

"पाडायच्या आत वीट न् वीट मोजून कागदावर घ्यायची आहे. येतोस का?"

मुकादमानं तोंड फिरवलं. मग पुटपुटत खाली उतरला आणि त्यानं टेपचं दुसरं टोक धरलं.