सुतकाची रजा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून आमच्या गुरुजींइतका दमलेला माणूस दुसरा नव्हता. ऐंशीच्या दशकात इकडे इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी येण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाला गुरुजी हवे असत. सकाळी बदलापुरात वास्तुशांत, दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनची पूजा, संध्याकाळी अंबरनाथला सत्यनारायण. हाताला असं वळण पडलेलं की शेअर रिक्षात शेजारचा शिंकला तरी त्याच्या डोक्यावर अक्षता पडायच्या. एकदा तर हॉटेलात त्यांनी गरम चहाचंच आचमन केलं आणि तळहात भाजून घेतला. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला हमखास डोळा लागे, तोंड मात्र चालूच. एकदा झोपेत तो अध्याय दोनदा झाला आणि कथेतला बिचारा वाणी पुन्हा तुरुंगात गेला.

त्यांना रजा म्हणजे फक्त सुतक. भाऊबंदांत कोणी गेलं की दहा दिवस पूजा सांगता येत नसे. जांभूळ गावचे चुलते गेले तेव्हा गुरुजी दहा दिवस नुसते झोपले आणि असे तुकतुकीत झाले की भेटायला आलेल्यांना काय बोलावं कळेना. "चुलते फार चांगले हो," ते म्हणाले, "मला रजा देणारा पहिला माणूस."

पुढे त्यांचा घसा बसू लागला. डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने तोंड बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल." मी कंबर कसली आणि घरोघर सांगत सुटलो, गुरुजींना विश्रांती द्या. सगळ्यांना पटलं. फक्त प्रत्येकाचं 'आमचं तेवढं उरकू द्या' होतं. कारखान्याचे शेठ म्हणाले, "छुट्टी तो मिलनीच चाहिए महाराज को. बस, नयी मशीन का मुहूर्त कर दें." मी त्यांच्याशी तावातावाने भांडलो.

त्याच आठवड्यात मला बदलापूरच्या फ्लॅटची किल्ली मिळाली.

"गुरुजी, आमची तेवढी वास्तुशांत," मी म्हणालो, "मग खरंच सुट्टी."

"तुम्हाला नाही कसं म्हणू?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

शेवटच्या आशीर्वादाला त्यांचा आवाज फाटला आणि बंद पडला, तो पुन्हा आलाच नाही.

नंतर मी भेटायला जायचो, पण नजर चुकवून बसायचो. एकदा माझं तोंड बघून त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "वाईट वाटून घेऊ नका. आता रजेसाठी कोणी मरायची वाट बघावी लागत नाही." मग सवयीनं त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. त्यात अक्षता नव्हत्या.