सूत्रकृमींची वाटणी

मातीतल्या सूत्रकृमींचे नकाशे काढणं आणि कृषी महाविद्यालयात पोरांना तेच शिकवणं ही माझी नोकरी. संत्र्याच्या मुळांना लागणारे हे धाग्यासारखे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बागेत सारखे पसरलेलेही नसतात. एका झाडाखाली खच, शेजारच्या झाडाखाली चार-दोन. घरी हे सांगायला लागलो की बायको कुकर लावायला उठते.

काटोलकडच्या दोघा भावांनी मात्र मला आपणहून बोलावलं. बागेची वाटणी करायची होती. रिवाज असा की मोठ्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मोठ्याने वाटे पाडून दोन वर्षं झाली, धाकटा काही उचलेना.

"वरून झाडं सारखेच दिसते, सर," तो म्हणाला. "खालचे किडे कोनाकडं जास्त हायेत, हे मले कसं समजन?"

मी डोक्याला हात लावला. हे असलं काम करायला मी शिकलो नव्हतो. पण त्यांची आई सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे जेवत होती, आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. तिचं तोंड बघून मला फार वाईट वाटलं. मी हो म्हणालो.

झाडागणिक खुरप्याने माती काढली. मोठा पिशवी धरायचा, धाकटा तिच्यावर झाडाचा नंबर टाकायचा आणि दोघं एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून. "बराबर मोजजा, सर," हे मात्र दोघंही म्हणाले. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी मोजत बसलो. स्वतःच्या पीएचडीला इतका प्रामाणिक नव्हतो.

मग अंगणातल्या खाटेवर नकाशा पसरला. दोन्हीकडे सारखे किडे येतील अशी रेघ मारली. ती इतकी वाकडीतिकडी झाली की त्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ट्रॅक्टर वळला नसता. एका झाडाचा हिशेब जुळेना, तेव्हा रेघ त्याच्या खोडातूनच नेली. धाकट्याने वाटा उचलला. आईने दोघांचा चहा एकाच ताटात आणला.

तेवढ्यात धाकट्याने विचारलं, "सर, पानी देल्यावर तिकडचे किडे धुऱ्याखालून इकडं तर नाही येनार?"

येणार. पाण्याबरोबर येतातच. आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

याच प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या पोरांना मी दरवर्षी तोंडी परीक्षेत नापास करतो.