की-बोर्डातल्या अक्षता

बाबांचं तोंड म्हणजे तो लॅपटॉप होता. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली ती गेलीच. पण डावा हात शाबूत राहिला, आणि त्या हाताला टायपिंग येत होतं. जन्मभर सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट. निवृत्तीनंतर लालबागमधल्या कितीतरी मंडळांचे अहवाल आणि लग्नपत्रिका त्यांनी याच लॅपटॉपवर केल्या. बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी, पण बाबांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या सवयीने पडायची आणि स्क्रीनवर मराठी उमटायचं. कुठल्या बटणात कुठलं अक्षर आहे, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक. डाव्या हाताने लिहायला पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या उमटल्या, मोबाइल दिला तर त्यांनी तो भिरकावलाच.

एका हाताने ते आमच्याशी बोलायचे, म्हणजे भांडायचेच. ‘हा चहा आहे की गुळवणी?’ ‘शेजारचा टीव्ही बंद करायला सांग.’ ‘ओरडू नकोस. मी मुका आहे, बहिरा नाही.’ आई चष्मा लावून वाचायची आणि तोंडी उलट उत्तर द्यायची. संसार सुरू होता हो आमचा.

दसऱ्याला टाइपरायटरची पूजा करायची बाबांची जुनी रीत. लॅपटॉप आला तेव्हापासून लॅपटॉपची. दरवर्षी झाकणावर नेमकं बोट टेकवून कुंकू लावायचे. यंदा डाव्या हाताने करायला बसले, आणि लॅपटॉप उघडाच होता. “बाबा, द्या, मी करते,” म्हटलं तर डोळे वटारले. हातातली वाटी कलंडली आणि कुंकवात भिजवलेल्या मूठभर अक्षता सांडल्या त्या थेट बटणांवर. मी घाईघाईने झटकल्या, तर निम्म्या फटींतून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार बटणं चिकटली. आतला पंखा खरखरायला लागला. मी परळच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी, मला वाटलं, त्यात काय एवढं? व्हिडिओ बघितला, वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप उलटा केला. स्क्रू काढून पूजेच्याच वाटीत टाकत गेले. बाबा डावा हात हलवून नको नको करत होते. “अहो, बसा ना जरा शांत!” मी खेकसले. आतून लाल तांदूळ निघाले, ब्रशने सगळं स्वच्छ केलं, सगळं परत बसवलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा जेमतेम फिरला आणि थांबला. स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. परत उघडला. रॅम काढून पुसून बसवली. की-बोर्डची पट्टी काढून लावली. बॅटरी बाहेर ठेवून नुसत्या चार्जरवर बघितलं. मग तर दिवाही लागेना. आई दारातून म्हणाली, “कोणी सांगितल्यान तुका ह्या उघडूक?” कपाळ माझं! मला रडू फुटलं, आणि बाबा माझ्याकडे बघतायत म्हणून ते गिळावं लागलं.

दादरला एका दुकानात नेला. दुकानदाराने खोलला आणि बोट ठेवून दाखवलं. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेला होता, थेट बोर्डात घुसला होता. एकाच वाटीत टाकलेले सगळे, लांब कुठला नि आखूड कुठला कोणाला कळणार! या मॉडेलचा बोर्ड आता मिळतच नाही, म्हणाला. तरी आणखी दोन दुकानं फिरले. तिथेही माना हलल्या.

शेजारणीच्या मुलीचा नवा लॅपटॉप मागून आणला, त्यात बाबांची ती टाइपरायटरची मांडणीही टाकून घेतली. पण बटणं सपाट, जवळजवळ. बाबांचं बोट घसरायचं, एकाच्या जागी तीन दाबली जायची. स्क्रीनवर नुसती खिचडी. थोडा वेळ झगडले, मग झाकण लावून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं मला.

त्यानंतर घर गप्प झालं. पाणी हवं तर पेल्याकडे बोट, बस्स. बाबांना आणखी काही सांगायचं असेल, हे आम्ही दोघीही बोलायचं टाळत होतो.

परवा दुपारी त्यांनी खुणेने कपाटावरचा जुना लॅपटॉप मागितला. मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं आणि टाइप करायला लागले. भराभर, कुठेही न अडखळता, मधेच थांबून विचार करत, पुन्हा भराभर. काळ्या स्क्रीनवर काहीच नाही. आई सवयीने चष्मा शोधायला उठली आणि तशीच उभी राहिली. मी त्यांच्या बोटांकडे डोळे ताणून बघत होते. मला एक अक्षर कळलं नाही.

त्यांनी टाइप करणं संपवलं आणि माझ्याकडे बघितलं. उत्तराची वाट बघत होते.

“हो, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला लागले, या वेळी एकेक बटण सावकाश दाबत, मला कळावं म्हणून.