पाठ केलेली चव

फॉस्टिन डिसोझाने एकवीस वर्षं प्रवासी जहाजावरच्या सिगारच्या खोलीत काढली. सिगार नुसता हुंगून तो कुठला, किती मुरलेला, हे तो सांगे आणि गोरे पाहुणे माना डोलावत. आता साठी उलटलेली. तोंडवलीच्या नव्या रिसॉर्टवर तशीच खोली निघणार होती आणि ती सांभाळायला जाणकार हवा होता. मालक कौस्तुभने सिगारचं खोकं त्याच्या हाती दिलं. "अंकल, मधल्या किमतीचे आणलंय. परवा येवन पारख करा. जमला तर खोली तुमची."

फॉस्टिनला आनंद झाला आणि धडकीही भरली. दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून त्याला कसलाच वास येत नव्हता. हे त्याने बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

श्रावणातली ओल. बुरशी येईल म्हणून फ्रान्सिस्काने, त्याच्या बायकोने, ते सिगार कागदात गुंडाळून घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवले, सुकटीच्या डब्यात. तिच्या आईच्या विड्या तिथेच असायच्या. ठरल्या सकाळी तिने ते परत खोक्यात भरले आणि सांगायचं विसरली.

रिसॉर्टवर फॉस्टिनने सिगार ऐटीत नाकाखाली फिरवला, टोक कापलं, पेटवला, धूर तोंडात घोळवला. लागलं काहीच नाही. मग त्याने जहाजावरचा जुना पाठ म्हटला, "आधी देवदार. मगे मिरी. शेवटाक कोको. किमतीच्या मानान झकास!"

कौस्तुभने दुसरा पेटवला आणि ठसकत टाकून दिला. "अंकल, हेका सुकटीची घाण मारता!"

स्वयंपाकीण दिव्या दारात फिसकन हसली.

"बायलेन सुकटीच्या डब्यात ठेवले आसतले! वाट लावली माझी!" फॉस्टिन ओरडला.

"ता खरा," कौस्तुभ हळूच म्हणाला, "पण तुमका वास कसो नाय इलो?"

फॉस्टिनने खोकं बंद केलं. खोली गेली.

घरी येऊन त्याने फ्रान्सिस्काला उभं-आडवं झाडलं. लाज इतकी झोंबत होती की कुणावर तरी काढल्याशिवाय त्याला राहवेना.

"चुकला माझा," ती म्हणाली. "पण तुमका वास येणा नाय, ता माका पयल्यापासून म्हायत आसा. करपलेली आमटी तुमी बरी म्हणान जेवलास."

त्याने विचारलं, "मगे बोललंस कित्याक नाय?"

"त्या नाकाची मिजास सोडून तुमच्याकडे दुसरा काय उरलेला?"