करीमचाचांच्या खुणेच्या बाटल्या

घरोघरी औषधं पोचवणाऱ्याकडे किस्से साचतात कसे? दुकानात रिकाम्या बाटल्या साचतात तसे! धुवायला काढल्या की प्रत्येकीचा वास वेगळा.

साठ सालाच्या आसपास मी नंदुरबारात करीमचाचांच्या औषधाच्या दुकानात सायकलवाला होतो. शिक्षण चौथी, तीही दोनदा! डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, चाचा मिक्स्चर बनवून बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी डकवायचे. एक खूण म्हणजे एक डोस. पुढे मी आणि माझी सायकल.

*

एका घरी सकाळी बाटली दिली. दुपारी त्याच गल्लीतून गेलो, तर बाटली जवळपास रिकामी!

म्हातारी म्हणाली, "खुना सहा, आम्ही सहा जन. एक-एक खून वाटी लिधी!"

"आजारी कोण पण?"

"मामा. तो वावरमा गया शे. त्याना वाटानी एक खून राखी ठेयेल शे!"

*

मिरचीबाजारातल्या शेठजींना सर्दीचं औषध न्यायचं होतं. मिरच्यांच्या ढिगांतून मी शिंकत शिंकत पोचलो. माझी दशा बघून शेठजींनीच बूच काढलं. "पहिले तू ले!"

घेतलं. मग हमाल शिंकला, त्यालाही पाजलं. संध्याकाळी शेठजींची तक्रार दुकानात हजर, "बाटली अर्धीच आली!"

चाचा भडकले. "और एक शिकायत आई, तो सायकल रख और घर जा!"

माझ्या लग्नाला महिना झाला होता. सायकल गेली असती, तर सासऱ्याच्या वावरात मिरच्या तोडाव्या लागल्या असत्या!

*

त्याच आठवड्यात तापीकाठच्या नथ्थू पाटलांचं खोकल्याचं औषध घेऊन निघालो. पाटील खोकले की बैल बुजायचे! वाटेत सायकल खड्ड्यात गेली, बूच उडालं, सगळं औषध मातीनं पिऊन टाकलं. बाटली तेवढी शाबूत.

समोर गुऱ्हाळ होतं. थोडी काकवी, थोडं पाणी, घरी न्यायला पिशवीत घेतलेली चिमूटभर मिरचीपूड. रंग हुबेहूब! देऊन आलो.

चौथ्या दिवशी पाटील रिकामी बाटली घेऊन दुकानात. सोबत डॉक्टर!

"चाचा, मन्हा खोकला गया! असं औशद आजपावत भेटनं नव्हतं. आखो एक बाटली द्या!"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "या खेपेला मी मुद्दाम थोडा फरक केला होता."

चाचांनी बाटली हुंगली. तळाचा थेंब बोटावर घेऊन चाटला. मग माझ्याकडे बघितलं. मी सायकलची घंटी पुसायला लागलो.

दोघं गेल्यावर चाचांनी बाटली धुतली, नवी पट्टी डकवली आणि माझ्या हातात दिली.

"ले. भर!"