साटमसाहेबांचं ‘नाही’

साटमसाहेबांकडे कोणीही काहीही मागितलं, की त्यांचा पहिला शब्द असे, ‘नाही’. मी बी.कॉम. होऊन नोकरी मागायला गेलो तेव्हा मलाही तोच ऐकायला मिळाला. तोंड पाडून दारापर्यंत आलो, तर मागून आवाज आला, “अरे ग्रॅज्युएट, नाही म्हटलं की लगेच निघालास? तू विकणार काय? सोमवारपासून ये.” अंबरनाथच्या कारखान्यात राबणाऱ्या माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी सगळ्या चाळीत पेढे वाटले. खुर्चीत बसून काम करणारा आमच्या घरातला मी पहिलाच.

हे ‘नाही’ साहेबांनी ऐंशीच्या दशकात, आमच्या मालकांच्याच स्कूटरच्या एजन्सीत कमावलं होतं. लग्न ठरल्यावर नोंदवलेली स्कूटर तेव्हा मुलाला शाळेत घालताना मिळे. “माल विकतो तो दुकानदार,” ते म्हणत, “माल अडवतो तो साहेब.”

नव्वदीत देशाची दारं उघडली आणि एक परदेशी मोटार कंपनी थेट उल्हासनगरात येऊन पोहोचली. आमच्या मालकांनी काचेची शोरूम बांधून साहेबांना मॅनेजर केलं. कंपनीच्या गोऱ्या साहेबाने आम्हाला शिकवलं, की गिऱ्हाईक दिसलं की हसायचं आणि गाडी मागितली की तत्काळ द्यायची. मी घरी आरशासमोर सराव केला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते उल्हासनगरातल्याच कॅम्प चारचे सिंधी शेठ किशनचंद. त्यांचा बटणांचा कारखाना होता. मी हसून म्हणालो, “साईं, आजच घेऊन जा. फक्त रंग सांगा.”

त्यांचा चेहरा पडला. “आजच? म्हणजे कोई लेता नहीं क्या?” आणि ते गेले. त्यानंतर कितीतरी दिवस एकही गाडी हलली नाही.

मग साटमसाहेबांनी गाड्या वांगणीच्या एका वाडीत नेऊन ताडपत्रीखाली झाकल्या. शोरूममध्ये एकच ठेवली, तिच्यावर ‘विकली गेली’ अशी पाटी. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “नाही हो, फार वेटिंग आहे. तुम्ही बदलापूरचे का? बघतो, तुमच्यासाठी शब्द टाकतो.” तो शब्द ते कोणाकडे टाकत, हे आम्हालाही माहीत नव्हतं. गाड्या भराभर खपल्या. गोरा साहेब मुद्दाम कौतुक करायला आला आणि माझं हसू बघून आपल्या शिकवणीवर खूश होऊन परत गेला.

वर्ष-दीड वर्षाने मालकांनी आम्हाला आत बोलावलं. कंपनी देश सोडून चालली होती आणि सुटे भाग यायचे बंद होणार होते. “पेपरात यायच्या आत वांगणीची वाडी रिकामी करा. नाहीतर साटम, तुम्हीपण घरी बसा.” साहेबांच्या बदलापूरच्या ब्लॉकचे हप्ते अजून चालू होते.

नेमके त्याच आठवड्यात किशनचंद परत आले. मुलीची पाठवणी त्यांना याच गाडीतून करायची होती.

“नाही,” साहेब म्हणाले.

“पिछली बार का गुस्सा, साईं? सॉरी बोलतो ना.”

“किशनभाई, खरंच सांगतो, घेऊ नका ही गाडी.”

“समजलो. कोणाचा फोन आणू? आमदाराचा चालेल?”

“अहो, कंपनीच चाललीय देश सोडून!”

किशनचंद पोट धरून हसले. “वा! ये बहाना नया है. अब तो लेके ही जाऊंगा.”

साहेबांनी जितकं नाकारावं, तितका त्यांचा चेहरा उजळत होता. खरं बोलणाऱ्या माणसाची इतकी पंचाईत मी कधी पाहिली नाही. शेवटी साहेब उठले, कॉलर नीट केली आणि हसले. नोकरी लागल्यापासून प्रथमच त्यांचे दात मला दिसले.

“किशनभाई, गाड्या ढीगभर पडल्यात. आजच न्या. एकाच्या जागी दोन न्या. रंग सांगा!”

किशनचंद दचकून दोन पावलं मागे सरले. “पडल्यात? मला येडा समजतो काय?” मग रस्त्यात उभे राहून त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. संध्याकाळच्या आत साटमसाहेब घरी बसले.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, “किशनचंदना खरं काय ते सांगू का?”

“आधी ज्यांना मी गाड्या दिल्या त्यांना सांग,” ते म्हणाले. “ते मला देव मानतात.”

साहेब गेले तेव्हा बदलापूरच्या स्मशानात ते सगळे भक्त आले होते. “देवमाणूस! आमच्यासाठी शब्द टाकला म्हणून गाडी मिळाली,” असं म्हणत एकाने डोळे पुसले. निघताना त्याची गाडी सुरू होईना, तेव्हा आम्ही चौघांनी ती उतारापर्यंत ढकलली.

किशनचंदही आले होते. लांब उभे राहून त्यांनी हात जोडले आणि माझ्या कानात म्हणाले, “आदमी चालू था. पण मला नाही फसवू शकला.” मग आपल्या जुन्या देशी गाडीचं दार माझ्यासाठी उघडून म्हणाले, “चल, अंबरनाथला सोडतो.”

मी आत बसलो. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.